नावाच्या रकान्यातली रेघ

एका धंद्यात चाळीस वर्षं काढली की जुन्या किल्ल्यांचा जुडगा साठतो तसे किस्से साठतात. कुठली किल्ली कुठल्या कुलपाची ते आठवत नाही, आणि टाकूनही देववत नाही. माझा धंदा डेटाबेसचा. म्हणजे ढीगभर नोंदी कॉम्प्युटरमध्ये नीट रचायच्या आणि त्यातून कोणाला न दिसलेलं काहीतरी शोधून काढायचं. पुढे याला डेटा मायनिंग असं भारदस्त नाव मिळालं, तोवर माझे निम्मे केस गेले होते.

निवृत्त झाल्यापासून मित्रमंडळी जमली की फर्माईश होते, "दिगंबर, तो एक जूनचा किस्सा सांग ना!" मी सांगतो. सगळे हसतात, मीही हसतो. मग घरी येताना स्वतःचाच राग येतो, कारण या माळेतला शेवटचा किस्सा मी कधीच सांगत नाही. आज सांगतो. पण ओळीने, नाहीतर कळायचा नाही.

मी मूळचा मेहकरचा, शाळामास्तरांचा मुलगा. पुण्याच्या एका संस्थेत संशोधनाला लागलो होतो. तिथे खोलीएवढा एक कॉम्प्युटर होता आणि माझे गाईड होते, ज्यांना सगळी संस्था नुसतं 'सर' म्हणायची. सरांनी एक प्रोजेक्ट मिळवला. बुलढाणा जिल्ह्यातल्या गावोगावच्या जन्ममृत्यूच्या वह्या गोळा करायच्या, भोकं पाडायच्या पंचकार्डांवर उतरवायच्या, मशीनला खाऊ घालायच्या, आणि तान्ही लेकरं कुठल्या गावांत जास्त दगावतात त्याची यादी काढायची. यादीत वर येतील त्या गावांना बाळंतपणाचं उपकेंद्र आणि गावातच राहणारी नर्स मिळणार होती.

म्हणजे सरांना पेपर, मला पीएचडी आणि गावाला नर्स. तिघांचंही भलं होणार होतं. त्यातल्या दोघांचं झालं.

*

बुलढाण्याला एस. टी. स्टँडजवळ एक भाड्याची खोली घेतली. आम्ही तिघं. मी. कार्डं पंच करणाऱ्या कुसुमताई. आणि भास्करराव, सरकारी रेकॉर्ड सांभाळता सांभाळता निवृत्त झालेले कारकून. लाल कापडात बांधलेल्या वह्यांचे गठ्ठे एस. टी.च्या टपावरून यायचे, आणि भास्करराव त्यांच्यावरची धूळ झटकत पहिल्या दिवसापासून मला 'डॉक्टर' म्हणायचे. पीएचडीचा अजून पत्ता नव्हता. मी म्हटलं, "अहो, अजून व्हायचंय." तर म्हणाले, "गावात नवरदेव निंगायच्या आधीच नवरदेव असते. तसंच हे!"

मेहकरला सुट्टीत गेलो तेव्हा वडिलांनी विचारलं, "तू कॉम्प्युटरवर करतं काय, बे?"

मी खूप वेळ समजावून सांगितलं. रचना, शोध, नोंद, तिचा पत्ता, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे पायजे ती नोंद काढून देतं?"

"हो."

"ते तं आमच्या शाळेतला कारकून बी करते. मंग त्याले काऊन नाही पीएचडी?"

भास्कररावांनी तर माझी शोभाच केली. एकदा एक म्हातारे गृहस्थ जन्माच्या दाखल्यासाठी आमच्याच खोलीत शिरले, कारण त्यांच्या गावच्या वह्या आमच्याकडे होत्या. मी मोठ्या उत्साहाने पुण्याला मागणी धाडली, मशीनवर शोध चालवा म्हणून. आठ दिवसांनी पोस्टाने उत्तर आलं, 'नोंद आढळत नाही.' तोवर ते म्हातारे दाखला घेऊन गेल्याला आठ दिवस झाले होते. भास्कररावांनी अर्धा चहा पिईपर्यंत तिसऱ्या गठ्ठ्यातली वही ओढून पान उघडलं होतं.

"डॉक्टर," उरलेला अर्धा चहा पीत ते म्हणाले, "माह्या मशीनले लाईट लागत नाही!"

*

हा एक जूनचा. मशीनला सवय व्हावी म्हणून मी आधी एका सोप्या गोष्टीवर प्रोग्राम चालवला. मेहकरच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आणलं, मुलांच्या जन्मतारखा पंच केल्या, आणि कुठल्या महिन्यात किती जन्म ते काढलं. निकाल पाहून पुण्यात खळबळ उडाली. निम्म्याहून जास्त मुलं एकाच दिवशी जन्मलेली. एक जूनला!

सर हर्षभरित झाले. त्यांनी नऊ महिने मागे मोजले, सप्टेंबर आला. मग मला चार पानी पत्र. सप्टेंबरात वऱ्हाडात शेतीची कामं कमी असतात का? काही सण असतो का? त्या दिवसांत स्थलांतर थांबतं का? 'हा शोध मोठा ठरू शकेल,' असं अधोरेखित केलेलं.

ते पत्र मी वडिलांना वाचून दाखवलं. ते चष्मा काढून हसायला लागले, इतके की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अबे, त्या तारखा मीच लिहेल आहे! पोराले शाळेत आणते, जन्म कधीचा विचारलं तं म्हणते, पऱ्हाटीचा कापूस येचून राह्यलो होतो तवाचा. मंग मी काय लिहू? शाळा जूनमधी उघडते, एक जून टाकून द्यायचा. पोरगंबी खूश, साहेबबी खूश."

मी पण हसलो. मग एकदम लक्षात आलं की माझीही जन्मतारीख एक जूनच आहे.

"बाबा, माझी?"

"तुले काय येगळं करू? समद्यायचं तेच तुयं."

"मग माझी खरी तारीख?"

"तुया आईले विचार."

आई म्हणाली, पोळ्याच्या करीच्या दिवशी. साल तिला आठवत नव्हतं. डेटाबेसमधल्या तज्ज्ञ माणसाचा स्वतःचा रेकॉर्ड हा असा!

*

दुसरा निकाल याहून जबर. आता खऱ्या कामाला हात घातला होता, मृत्यूच्या नोंदी पंच व्हायला लागल्या होत्या. मशीनने एका गावाबद्दल सांगितलं की तिथे वर्षानुवर्षं माणसं फक्त मंगळवारी मरतात.

सरांची तार आली. मंगळवारी तिथे काय असतं ते कळवा. मी चौकशी केली, बाजार असतो असं कळवलं. सरांनी लगेच बाजारातलं उघड्यावरचं खाणं, गर्दी, पाणी, संसर्ग, असा सिद्धान्त मांडायला घेतला. त्यांचा एक गुण मान्य करायला हवा. चुकीच्या आकड्यावरसुद्धा त्यांची इमारत देखणी उभी राहायची.

मी तो सिद्धान्त भास्कररावांना ऐकवला.

"डॉक्टर, त्या गावचा ग्रामसेवक राहते कुठं?"

"कुठे?"

"दुसऱ्या गावाले. येते कधी? बाजाराच्या दिवशी. आठ दिवसात जे कोणी गेले ते समदे एका दमात लिहून टाकते, मंग भाजी घेऊन घरी जाते. माणूस मरते तवा मरते. वहीत तो मंगळवारीच मरते!"

मी हे सरांना कळवलं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, 'तर मग तारखा निरुपयोगी आहेत.'

हे वाक्य लक्षात ठेवा. माझं अख्खं करिअर या वाक्यावर उभं आहे.

*

कुसुमताईंचा किस्सा छोटा आहे आणि त्याला कोणी हसत नाही, म्हणून मी तो मैफलीत घेत नाही.

कुसुमताई बुलढाण्याच्याच. मॅट्रिक होऊन टायपिंग शिकलेल्या, कामाला चोख. एका कार्डावर ऐंशीच अक्षरं मावायची. गावाचं नाव, मेलेल्याचं नाव, बापाचं नाव, वय, तारीख, इतकं बसवताना नाकी नऊ यायचे. पुण्यात बसलेल्या सरांना इथल्या गावांची काही कल्पना नव्हती. एकदा त्यांनी विचारलं होतं, "हे भोलजी कोण आहेत? बऱ्याच नोंदींत नाव आहे त्यांचं. आणि हे बढे? दोघांना एकदा भेटायला हवं." वडनेर भोलजी आणि धामणगाव बढे ही अख्खी गावं आहेत हे कळल्यावर त्यांनी गावांना नंबर द्यायला सांगितले.

तर वहीत शेवटी एक रकाना असायचा, शेऱ्याचा. ग्रामसेवकाला वाटलं तर तो तिथे दोन शब्द लिहायचा. साप चावला. विहिरीत पडला. एक दिवस कुसुमताईंनी मला विचारलं, "सर, शेरा कुठं टाकू?"

मी म्हटलं, "कार्डावर जागा नाही. सोडून द्या."

चार दिवसांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. आठवड्याने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी जरा चिडलो. "कुसुमताई, मशीनला शेरा लागत नाही!"

त्यांनी वहीवर हात तसाच ठेवला. "नाही, मी म्हटलं, कोणीतरी लिहिलंय. मंग हे कोण वाचीन?"

"कोणी नाही," मी म्हणालो. मला तेव्हा ते फार व्यवहारी उत्तर वाटलं होतं.

*

आता माझ्या कर्तबगारीचा किस्सा. एका मृत्यूची नोंद गावच्या वहीत असायची, आणि तिचीच नक्कल तालुक्याच्या वहीत. दोन्ही वह्या आमच्याकडे आलेल्या. म्हणजे एकच माणूस दोनदा मेलेला. आणि दोन्हीकडच्या तारखा कधीच जुळायच्या नाहीत, कारण एकीकडे ग्रामसेवकाचा बाजाराचा दिवस आणि दुसरीकडे कागद तालुक्याला पोचला तो दिवस. या दुहेरी नोंदी काढून टाकल्याशिवाय यादी होणार नव्हती, आणि नोंदी हजारोंनी होत्या.

तीन महिने डोकं खाजवून मी एक नियम काढला. तारखेकडे बघूच नका! गाव तेच, मेलेल्याचं नाव तेच, बापाचं नाव तेच, वय तेच, तर नोंद एकच समजा. एक ठेवा, बाकीच्या गाळा. आज ऐकायला साधं वाटतं, पण अपुऱ्या मशीनवर ते झपाट्याने करायची युक्ती माझी होती आणि युक्ती खरंच चांगली होती. अजून म्हणतो, चांगली होती.

भास्कररावांना नियम समजावून सांगितला तेव्हा ते सुपारी कातरत होते.

"डॉक्टर, माणसं एवढी एकसारखी असतेत का?"

"नाव, बाप, गाव, वय, चारही सारखं असलेली दोन माणसं तुम्ही पाहिलीत का कधी?"

"नाही पाह्यली बा," ते म्हणाले. "पण तुमी विचारून राह्यले तं मले भेव लागून राह्यलं."

कार्डं घेऊन मी पुण्याला गेलो, मशीनने भराभरा नोंदी गाळल्या. सर स्वतः मशीनच्या खोलीत आले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "दिगंबर, इतका स्वच्छ डेटा मी आयुष्यात पाहिला नाही. हा तुझा प्रबंध!" त्यानंतर संस्थेत मी माझा नियम मांडला. कोणीतरी आडवा प्रश्न विचारला आणि माझ्या तोंडून घाईत 'का?'ऐवजी गावाकडचं "काऊन?" निघून गेलं. सभागृह हसलं. दोन दिवस सगळे मला 'काऊन' म्हणत होते. पण नियमात कोणालाच खोट सापडली नाही. त्या सभागृहात 'काऊन' म्हणणारा मी एकटाच होतो, आणि मीसुद्धा तो प्रश्न चुकीच्या जागी विचारला.

*

यादी निघाली. थोड्याच दिवसांत बुलढाण्याच्या खोलीवर एक अर्ज आला, धामणगाव बढेच्या पलीकडच्या एका खेड्यातून. नाव सांगत नाही. सरपंचाने लिहिलं होतं, आमच्या गावात तान्ही लेकरं टिकत नाहीत हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे, आणि आमचं गाव यादीच्या तळाशी कसं? नर्स आम्हाला हवी.

मी मशीनचा छापील कागद काखेत मारला आणि भास्कररावांना घेऊन निघालो. लोकांना नीट समजावून सांगितलं की पटतं, असा माझा समज होता. भास्कररावांनी न विचारता त्या गावची मूळ वही पिशवीत टाकली.

शाळेच्या ओट्यावर गाव जमलं. मी कागद उलगडून एकेक नाव वाचायला लागलो. किसन असं बापाचं नाव आलं, पुढे, तान्हं लेकरू, एक.

बायकांच्या घोळक्यातून एक बाई पुढे आली. वेणूबाई, त्याच किसनची बायको. पंचविशीची असेल. पाच महिन्यांची गरोदर होती.

"किती म्हणले?"

"एक."

"माह्या तं तीन गेल्या."

मी समजुतीच्या सुरात म्हणालो, आणि हे वाक्य मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे, "बाई, वहीत एकच मृत्यू दोनतीनदा लिहिला जातो. आमचं मशीन ते बरोबर ओळखतं."

"मेल्या तं एकेकदाच, साहेब," ती म्हणाली. "पण तिघी व्हत्या."

भास्कररावांनी पिशवीतून वही काढली आणि पान उघडून माझ्या मांडीवर ठेवली. मग दुसरं पान, मग तिसरं. तीन वेगवेगळी सालं. गाव तेच. बाप किसन. वय महिन्याच्या आत. आणि नावाच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी एक आडवी रेघ. कुसुमताईंनी ती रेघ कार्डावर पंच केली होती आणि मशीनने रेघेशी रेघ ताडून पाहिली होती. रेघ आणि रेघ सारखीच.

शेवटच्या रकान्यात, जो कोणी वाचणार नव्हतं त्यात, ग्रामसेवकाने बारीक अक्षरात लिहिलं होतं. पहिली. दुसरी. तिसरी.

"नाव का नाही लिहिलं?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"बारसं कुठं झालं, बापू?" वेणूबाई म्हणाली. "एक पाचव्या दिवशी गेली, एक नवव्या. तिसरी बाराव्याच दिवशी, सकायी. पाळणा बांधेल होता. बारशाच्या आंधी कोण नाव ठेवते?"

मला मेहकरला जन्म घेऊन, मास्तरांच्या घरात वाढून, हे माहीत नव्हतं असं नाही. माझ्या आईची पहिली दोन अशीच गेलेली. घरात त्यांना नुसतं 'पहिलं' आणि 'दुसरं' म्हणतात. मला माहीत होतं. मी फक्त कॉम्प्युटरपाशी बसताना ते घरी ठेवून यायचो.

सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं. त्या गावात किती रेघा होत्या ते मला मोजायची गरज नव्हती. ज्या घरात लेकरं सगळ्यात जास्त गेली, त्याच घरातली मी सगळ्यात जास्त गाळली होती.

वेणूबाईने विचारलं,

"नाव असतं तं मशीननं मोजली असती का?"

"हो."

"तिघीयचे येगयेगळे असते तं?"

"हो. तिन्ही मोजल्या असत्या."

"हाव का," ती म्हणाली, आणि पदर सावरून मागे जाऊन बसली.

परतीच्या एस. टी.त भास्करराव खिडकीशी बसून राहिले. बुलढाणा आल्यावर उतरताना एवढंच म्हणाले, "चला, दिगंबरराव." त्यानंतर त्यांनी मला कधीच डॉक्टर म्हटलं नाही. पुढे मी खरंच डॉक्टर झालो तेव्हासुद्धा नाही.

*

मी त्याच आठवड्यात पुण्याला जाऊन सरांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी डोळे मिटले, कपाळ चोळलं. मग म्हणाले, "यादी वर सरकारात गेली आहे. आता ती बदलायची म्हणजे सगळा प्रोजेक्टच चुकला असं लिहून द्यावं लागेल. पेपरही मागे घ्यावा लागेल. दिगंबर, प्रत्येक नियमाला अपवाद असतो. प्रबंधात अपवादाचं एक प्रकरण टाक."

मी म्हटलं, "सर, हा अपवाद नाही. नर्स ज्यांच्यासाठी होती तेच आपण गाळलेत."

"तू लिहून देणार आहेस का तसं?" त्यांनी विचारलं. अगदी शांतपणे, टोमणा नव्हता. "दे. मी सही करतो."

लोकांना हा किस्सा सांगायचा झाला तर सरांना खलनायक करणं सोपं आहे, आणि मनातल्या मनात दोनतीनदा मी तसा केलाही आहे. पण त्यांनी कागद पुढे सरकवला होता, पेनाचं टोपणसुद्धा काढलं होतं. मी म्हणालो, "बघतो, सर." आणि बघतच राहिलो.

अपवादाचं प्रकरणही टाकलं नाही. पानं वाढत होती.

*

मग काय, पीएचडी. नोकरी. परदेशातल्या परिषदा. माझा नियम पुस्तकांतून शिकवला जाऊ लागला. एका परिषदेत एका गोऱ्या प्राध्यापकाने माझी ओळख करून दिली, "या माणसाने जगाला घाण डेटा धुवायला शिकवलं!" टाळ्या पडल्या. मी वाकून नमस्कार केला, आपल्या पद्धतीने, दोन्ही हात जोडून. सगळ्यांना फार आवडला.

एकदा वर्गात एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, गाळलेल्या नोंदी कुठे जातात?"

मी म्हटलं, "कुठेही नाही. त्या नसतातच."

तिने तसं वहीत लिहून घेतलं. परीक्षेत तो प्रश्न आला आणि सगळ्या वर्गाने बरोबर सोडवला.

निवृत्तीच्या समारंभात मला माझ्या आवडत्या डेटाबेसबद्दल बोलायला सांगितलं. मी एक जूनचा किस्सा सांगितला. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते.

*

आता शेवटचा. त्या खेड्यातून परतल्याला तीनेक महिने झाले असतील. मी पुण्यात प्रबंध टाईप करून घेत होतो. भास्कररावांकडून एक पाकीट आलं. आत त्यांची स्वतःची एक ओळही नव्हती, फक्त बुलढाण्याच्या खोलीच्या पत्त्यावर आलेलं एक इनलँड पत्र. अक्षर शाळेतल्या गुरुजींचं, कारण वर तसं लिहिलं होतं. बाकीचं वेणूबाईने सांगितलं तसं उतरवलेलं.

हे पत्र मी कोणाला दाखवलं नाही. सरांनाही नाही. त्या गावाला पुढे काय मिळालं, कोण जगलं, हे मी कधी विचारलं नाही. विचारता आलं असतं. मेहकरहून काही लांब नाही. पत्र मात्र माझ्याकडे आहे, मानपत्रांच्याच फाईलमध्ये. जसं आहे तसं वाचून दाखवतो.

'साहेब, तुमी म्हणले होते का नाव असलं तं मशीन मोजते. म्हनून आमी तिघीयचं बारसं केलं. पाळणा रिकामाच होता पण गावातल्या बाया आल्या, गाणे म्हणले, घुगऱ्या वाटल्या. पहिलीचं नाव सुमन. दुसरीचं लीला. तिसरीचं मंदा. तिघीयचे नावं येगयेगळे आहेत, गुरुजीनं पाहून घेतलं. आता मोजून घ्या.

आनिक एक काम आहे. मले आठवा लागला आहे. मांगच्या वाणी मशीनची गलती होऊ नाही म्हनून यावेळेले नाव आंधीच ठिवून देलं. पोरगी झाली तं रुख्मा, पोरगा झाला तं रामा. दोनी टाकून ठिवा. लागंन ते वापरा.'